४२ किलोमीटर धावून कोकणात घरी आल्यावर

जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन. रत्नागिरीच्या बाजूचे आम्ही पाच-सहा जण शनिवारी मुंबईला जातो, रविवारी अंधारातच सीएसएमटीसमोर उभे राहतो, ४२.१९५ किलोमीटर धावतो आणि सोमवारी सकाळी घरी पडवीत बसून चहा पीत असतो. अडचण एकच. नेमक्या याच दिवसांत हापूसची कलमं मोहोरावर असतात, आणि तुडतुडे नि भुरी या मोहोरावरच्या कीड-रोगांना तुमच्या पदकाचं काही कौतुक नसतं.

पहिल्या मॅरेथॉननंतर मी पाचव्या दिवशी बागेत होतो. पाय दुखायचे थांबले होते, जिना उतरता येत होता, मग बसून काय करायचं? फवारणीच्या पंपाची नळी ओढत दिवसभर उतारावर वर-खाली केलं. सातव्या दिवशी अंगात आलं म्हणून भाट्याचा पूल ओलांडून गोळपच्या दिशेने १२ किलोमीटरला निघालो. परतताना उतारावर डाव्या पोटरीत टच्कन झालं. कोणी मागून दगड मारला की काय म्हणून मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. त्या पोटरीने पुढचे पाच आठवडे खाल्ले. ४२ किलोमीटरने जे बिघडवलं नव्हतं, ते मी नंतरच्या सात दिवसांत बिघडवून घेतलं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे: दुखणं चार-पाच दिवसांत जातं, पण आतली डागडुजी दोन-तीन आठवडे चालू असते. त्या दोन तारखांमध्ये जी फट राहते, तिच्यात माणूस सापडतो. पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक या फटीबद्दलच आहे.

आत काय झालेलं असतं

मॅरेथॉनमध्ये साधारण ४० हजार पावलं पडतात. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू आणि पोटरी ताणली जात असतानाच शरीराचं वजन झेलते, ब्रेक लावल्यासारखी. या ताणात स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक चिरा जातात, तिथे सूज येते आणि २४ ते ७२ तासांत दुखणं सगळ्यात जास्त होतं. हे लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे होतं असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही. ते धावणं थांबल्यावर तास-दोन तासांत निघून जातं. मंगळवारी दुखतं ते खरोखर फाटलेलं असतं म्हणून.

दुसरं, स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जवळजवळ रिकामी होते. नीट खाल्लं तर ती काही दिवसांत भरते. तिसरं म्हणजे रक्तातलं सीपीके. स्नायू तुटले की हे द्रव्य रक्तात येतं. एरवी २००च्या आत असणारा आकडा मॅरेथॉननंतर हजारांत जातो आणि खाली यायला आठवडा घेतो. यकृताच्या तपासणीत बघतात ते एसजीओटीही वाढलेलं असतं, कारण ते यकृताप्रमाणे स्नायूतही असतं. म्हणून त्या आठवड्यात हौसेने ‘फुल बॉडी चेकअप’ करू नका. करावीच लागली तर डॉक्टरांना आधी सांगा की रविवारी मॅरेथॉन धावलोय, नाहीतर घरच्यांना उगाच घोर लागतो.

पहिला तास

रेषा ओलांडली की बसू नका. पायांतल्या शिरांमधलं रक्त वर ढकलायचं काम पोटऱ्या करत असतात. त्या एकदम थांबल्या की रक्त खालीच राहतं, रक्तदाब उतरतो आणि माणूस फोटो काढता काढता कोसळतो. दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाला. डोळ्यांपुढे अंधारी आलीच तर मात्र हट्ट न करता आडवे व्हा आणि पाय पिशवीवर उंच ठेवा.

ओला बनियन लगेच बदला. घाम सुकताना अंगात कापरं भरतं. कोरडा टीशर्ट, एक पंचा आणि उघड्या पट्ट्यांची चप्पल पिशवीत वरच्या वर असू द्या. बूट काढल्यावर पाय अर्धा नंबर मोठे झालेले असतात, ते पुन्हा आत जात नाहीत.

पहिल्या तासाभरात काहीतरी पोटात गेलं पाहिजे. शरीराच्या दर किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं आणि एकूण २०-२५ ग्रॅम प्रथिनं हा हिशेब धरा. ६० किलोच्या माणसाला दोन केळी, उकडलेली दोन अंडी, मूठभर शेंगदाण्याची चिक्की आणि कपभर दूध एवढं पुरतं. मळमळत असेल तर जबरदस्ती करू नका. घोट घोट काही गोड प्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा बघा.

पाणी, मीठ आणि शहाळं

इथे आपली माणसं दोन टोकांना चुकतात. काही जण पाणीच पीत नाहीत, आणि काही जण भीतीपोटी दोन-तीन बाटल्या साधं पाणी घटाघटा पितात. दुसरी चूक जास्त घातक आहे. घामातून मीठ गेलेलं असतं, वर नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली निघालं. त्यातले बरेच जण शर्यतीत इतकं प्यायले होते की त्यांचं वजन उलट वाढलं होतं. डोकं ठणकणं, उलट्या, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, बोलण्यात असंबद्धपणा ही त्याची लक्षणं. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका, सरळ वैद्यकीय तंबूत न्या.

धावण्याआधी आणि नंतर वजन केलेलं असेल तर हिशेब सोपा. एक किलो कमी झालं असेल तर पुढच्या चार-सहा तासांत सव्वा ते दीड लिटर, थोडं थोडं करत. काटा नसेल तर तहानेचं ऐका आणि लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा रंग आला म्हणजे झालं.

आमच्याकडे कोणी दमून आलं की पहिलं शहाळं फोडलं जातं. फोडा, पण ते काय देतं हे माहीत असू द्या. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी थोडं असतं, आणि घामातून प्रामुख्याने जातं ते सोडियम. म्हणून शहाळ्याबरोबर खारं काहीतरी हवं. ओआरएसचं पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलं आहे का ते बघा. लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असं त्यात असतं. त्याच कपाटात शेजारी ठेवलेली गोडमिट्ट पेयं वेगळी. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ हाताने अंदाजाने टाकू नका.

घरी आल्यावर मला स्वतःला आगळाचं पाणी सगळ्यात बरं वाटतं. आगळ म्हणजे मीठ घालून ठेवलेला कोकमाचा रस, तेव्हा सोडियम त्यात आधीच असतं. तांब्याभर पाण्यात दोन चमचे आगळ, साखर आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. अमृत कोकमात मात्र साखरच साखर. सोलकढी दुसऱ्या दिवसापासून घ्या. नारळाच्या दुधातली चरबी पहिल्या दिवशी हललेल्या पोटाला जड जाते, हे मी स्लीपर डब्याच्या दारात उभं राहून शिकलो.

परतीची गाडी

शर्यत संपल्यावर लगेच सहा-आठ तास गाडीत बसणं हा कोकणातल्या धावपटूचा खास त्रास. अंगातलं पाणी कमी, पाय सुजलेले, त्यात गुडघे दुमडून तासन् तास बसलं की पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. जमलं तर रविवारची रात्र मुंबईत नातेवाइकांकडे काढा. नसेल जमत तर कडेची, वाटेजवळची जागा घ्या, तासातून एकदा उठून डब्यातून फेरी मारा आणि बसल्या जागी पावलं वर-खाली वीस-वीसदा हलवा. एसटीने येत असाल तर गाडी थांबेल तिथे प्रत्येक वेळी खाली उतरा, चहा नको असला तरी. झोपेची गोळी घेऊ नका.

आणि रेल्वेचं तिकीट काढताना खालचा बर्थ मागा. हे मी चेष्टेने सांगत नाही. एका वर्षी मला वरचा मिळाला. चढलो कसाबसा, पण रात्री उतरायची वेळ आली तेव्हा लोखंडी पायरीवर एक पाय ठेवला आणि दुसरा खाली येईचना. शेवटी समोरच्या आजोबांनी माझी पोटरी दोन्ही हातांनी धरून, लहान मुलाची उतरवतात तशी, खाली ठेवली. वर म्हणाले, “कुठं अपघात झाला काय रे तुला?” पदक दाखवायची लाज वाटली.

सोमवार आणि मंगळवार

कोकणातलं घर रस्त्याच्या पातळीत असेल तर नशीब. आमचं नाही. रस्त्यापासून जांभ्याच्या ३८ पायऱ्या उतरल्या की अंगण येतं. चढणं जमतं, उतरणं जमत नाही, कारण उतरतानाच मांडीचा स्नायू ताणला जाऊन वजन झेलतो आणि तोच तर फाटलेला असतो. उपाय दोन: आडवं होऊन एकेक पायरी, किंवा सरळ पाठमोरं उतरायचं, गडग्याला हात लावून. मी पाठमोरा उतरतो. पहिल्या वर्षी शेजारच्या काकी विहिरीवरून बघत होत्या. “अरे, बाळंतीण तरी बरी चालते,” एवढंच म्हणाल्या आणि कळशी उचलून गेल्या.

ज्यांच्या घरी उकिडवं बसायचा संडास आहे त्यांनी आधीच तजवीज करावी. बसता येतं, उठता येत नाही. आजोबांच्या वेळची कमोडची खुर्ची माळ्यावर असेल तर रविवारीच उतरवून घ्यायला सांगा. नाहीतर समोरच्या खुंटीला जाड दोरी बांधा. लेखात लिहिण्यासारखी गोष्ट नाही, पण मंगळवारी सकाळी हीच सगळ्यात मोठी गोष्ट असते.

हे दोन दिवस पूर्ण झोपून काढू नका. दिवसातून तीन-चारदा दहा मिनिटं सपाटीवर, अंगणात किंवा पाणंदीतून चाला. रक्त फिरतं आणि पाय आखडत नाहीत. रात्री पाय उशीवर ठेवा. पहिल्या रात्री झोप लागत नाही, पाय आपोआप उडतात. घाबरू नका, बहुतेकांना होतं. पुढच्या रात्री मात्र आठ-नऊ तास झोप आणि दुपारची वामकुक्षी हक्काने घ्या. कोणी काही म्हणत असेल तर हा लेख दाखवा.

आता मालीश. घरातलं मोठं माणूस गरम खोबरेल घेऊन तयारच असतं, आणि प्रेमाने इतकं रगडतं की डोळ्यांतून पाणी येतं. पहिले दोन दिवस रगडणं नको. फाटलेल्या तंतूंवर अंगठे रोवून फायदा काही नाही. वरवर, तळव्याने, पावलाकडून मांडीकडे हलका हात फिरवला तर छान वाटतं आणि तेवढंच पुरे. जोराचा हात तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर. पाय ‘मोकळे करून देणाऱ्या’ आणि कटाकट वाजवणाऱ्या माणसाकडे या आठवड्यात जाऊच नका. ओढून ताणायचे व्यायामही नकोत.

गोळ्यांबद्दल मी कडक आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मॅरेथॉनच्या आदल्या दिवसापासून नंतर दोन दिवसांपर्यंत घेऊ नयेत. मूत्रपिंडाला आधीच रक्त कमी मिळालेलं असतं, त्यात तुटलेल्या स्नायूंचा कचरा गाळायचा असतो. अशा वेळी या गोळ्या त्याचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. मेडिकलवाला ‘अंगदुखीची’ म्हणून जी पट्टी देतो तिच्यावरचं बारीक नाव वाचा, बऱ्याचदा पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन मिसळलेलं असतं. अगदीच सहन होत नसेल तर साधी पॅरासिटामॉल, तीही यकृताचा त्रास नसेल आणि दारू पोटात नसेल तर. दारूचं विचाराल तर ती पाणी बाहेर काढते आणि स्नायूंची दुरुस्ती मंदावते. शर्यतीचा आनंद शनिवारपर्यंत लांबवता येतो.

तातडीने दवाखाना गाठायची कारणं इथेच सांगून टाकतो, कारण ती बहुधा याच दोन दिवसांत दिसतात. लघवी कोऱ्या चहाच्या किंवा आगळाच्या रंगाची झाली किंवा दहा-बारा तास झालीच नाही, तर त्याच दिवशी जा. स्नायूंचा मोठा भाग तुटून मूत्रपिंड तुंबत असल्याची ती खूण असू शकते. एकाच पोटरीला सूज, लाली आणि गरमपणा असेल तर गुठळीची शंका घ्या. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, चक्कर, गोंधळल्यासारखं बोलणं यांत घरगुती उपाय करत बसायचं नाही. आपल्याकडे गावातून तालुक्याला पोचायलाच तास जातो, तेव्हा ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

जेवण

या बाबतीत कोकणी माणूस नशीबवान. पहिले दोन दिवस शरीराला किलोमागे सात-आठ ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला सव्वाचारशे ते पावणेपाचशे ग्रॅम. शिजलेल्या भाताच्या एका वाटीत साधारण ४० ग्रॅम असतात. तेव्हा भात खाऊ का, असं विचारणाऱ्यांनी निवांत खावा. सोमवारी सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर मीठ, बाजूला लोणच्याची फोड आणि भाजलेला पापड. पाणी, मीठ, पिष्ट तिन्ही एका वाडग्यात. दहा वाजता घावणे, नाहीतर नाचणीची आंबील.

प्रथिनांत मात्र आपली गफलत होते. किलोमागे दीड ग्रॅम धरलं तर ६० किलोला ९० ग्रॅम लागतात, आणि ‘कुळथाचं पिठलं खाल्लं’ म्हणून कोणी निश्चिंत झालं तर ते चूक आहे. कुळीथ १०० ग्रॅममध्ये २२ ग्रॅम प्रथिनं देतो खरा, पण वाटीभर पिठल्यात पीठ असतं तीसेक ग्रॅम, म्हणजे प्रथिनं सहा-सात ग्रॅम. माझा दिवसाचा हिशेब असा: दोन अंडी १२, मध्यम आकाराचे दोन बांगडे ३८ ते ४०, वाटीभर उसळ ८, दोन पेले दूध १४, पिठलं ७ आणि भात-भाकरीतून दहा-बारा. जमतं. मासे न खाणाऱ्यांनी उसळ दुप्पट करावी, दही-पनीर वाढवावं आणि मेतकूट-भाताला पूर्ण जेवण समजू नये. बांगड्याचं तेल सूज कमी करायला मदत करतं म्हणतात. दोन बांगड्यांनी किती फरक पडतो ते मी सांगू शकत नाही, पण तिखल्यासाठी मला दुसरं कारण लागत नाही.

समुद्रात पाय सोडायचे का

मोठे खेळाडू बर्फाच्या पाण्यात बसतात ते पाहून आमच्यातल्या एकाने मिरकरवाड्याहून बर्फाची लादी आणून पिंपात टाकली. मासळीच्या बर्फाचा वास अंगाला दोन दिवस येत होता. थंड पाण्याचा थोडा फायदा होतो, नाही असं नाही. १० ते १५ अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसलं तर दुखणं जरा कमी जाणवतं. पण दुरुस्ती त्याने लवकर होते असं समजू नका.

आपला समुद्र या कामाचा नाही. जानेवारीतसुद्धा पाणी २६-२७ अंशांच्या आसपास असतं. तरीही कमरेइतक्या पाण्यात दहा मिनिटं चाललं की बरं वाटतं, कारण पाण्याचा दाब पायांतली सूज वर ढकलतो आणि शरीराचा भार निम्मा होतो. दोन अटी: पायाला फुटलेला फोड किंवा सोललेली कातडी नको, कारण समुद्राच्या आणि विशेषतः खाडीच्या पाण्यातून जखम चिघळते. आणि लाटा असतील तर नको. एरवी मागे ओढणाऱ्या पाण्यातून तुम्ही सहज बाहेर याल, पण मंगळवारच्या पायांनी नाही.

फोड लहान असेल तर तसाच ठेवा. मोठा, टचटचणारा असेल तर उकळून स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी मात्र ओढू नका. सारवलेल्या अंगणात अनवाणी फिरणं तेवढे दिवस बंद. काखेत, मांडीत जिथे सोललं आहे तिथे पहिल्या आंघोळीला झोंबतं, मग खोबरेल लावा. दमट हवेत ओले मोजे आणि लंगोट सुकत नाहीत आणि आठवड्याने गजकर्ण उगवतं, तेव्हा कपडे उन्हात कडकडीत वाळवूनच घाला.

चौथ्यापासून दहाव्या दिवसापर्यंत

आता ती फट. साधारण शुक्रवारी सकाळी तुम्ही उठता आणि काहीच दुखत नाही. हवा छान असते, अंगणात मोहोराचा वास असतो, आणि ज्या माणसाने पाच दिवसांपूर्वी ४२ किलोमीटर मारले त्याला पाच किलोमीटर म्हणजे काय, असं वाटतं. या दिवशी बूट घरातल्या कोणाकडे तरी लपवायला द्या.

पहिल्या सात दिवसांत धावणं शून्य. चालणं अर्ध्या तासापर्यंत, सपाटीवर सायकल चालेल, पोहणं फोड सुकल्यावर. जड उचलणं, नारळाची पोती, कळश्या, फवारणीची नळी, उतारावरचं काम हे सगळं माझ्या मते धावण्यातच धरायचं. हीच माझी चूक होती. मी धावलो नव्हतो म्हणून विश्रांती घेतली असं समजत होतो, आणि पोटऱ्या मात्र सहा तास चढ-उताराला जुंपल्या होत्या. बागेचं काम टळत नसेल तर मॅरेथॉनच्या आधीच एक फवारणी उरकून घ्या आणि त्या आठवड्यापुरता एक गडी जास्तीचा सांगा. मजुरी फिजिओथेरपीपेक्षा स्वस्त पडते.

रोज सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मनगटावरची नाडी मिनिटभर मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त पडत असतील तर शरीर अजून कामात आहे. या दिवसांत सर्दी-खोकलाही पटकन धरतो, म्हणून जत्रा आणि लग्नाच्या पंगती शक्य तर टाळा. आठव्या-नवव्या दिवशी उगाचच उदास वाटतं, चिडचिड होते. चार महिने ज्यासाठी पहाटे उठलो ते संपलेलं असतं. तेवढ्या भरात पुढच्या शर्यतीची नोंदणी करू नका. हौशी माणसाने दोन पूर्ण मॅरेथॉनमध्ये निदान तीन-चार महिने ठेवावेत.

पुन्हा बूट घालताना

कॅलेंडरपेक्षा चाचण्यांवर माझा जास्त विश्वास आहे. तीनच आहेत. घराच्या सगळ्या पायऱ्या तोंड पुढे करून, कशालाही न धरता उतरता आल्या पाहिजेत. एका पायावर उभं राहून टाच वर-खाली वीसदा, दोन्ही पायांनी सारखीच झाली पाहिजे. अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या सकाळी काहीही आखडलेलं नसलं पाहिजे. माझ्या फाटलेल्या पोटरीच्या वर्षी दुसरी चाचणी केली असती, तर डावा पाय अकराव्याला थांबला असता आणि मी घरी राहिलो असतो.

तिन्ही जमल्या की, बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्या आठवड्यात, २० मिनिटं. दिवसाआड. वेग असा की शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता यावं. घड्याळ घरी ठेवलंत तर आणखी चांगलं. तिसऱ्या आठवड्यात नेहमीच्या निम्मं अंतर, चौथ्यात दोन तृतीयांशाच्या आसपास आणि एखादा छोटा चढ. उतार सगळ्यात शेवटी. वेगाचे व्यायाम महिना उलटल्यावर. धावताना दुखणं वाढत गेलं, किंवा हाडावर एकाच बोटाएवढ्या जागी दाबल्यावर कळ येत असेल, तर ते हाडाला गेलेल्या चिरेचं लक्षण असू शकतं. तिथे थांबायचं आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

कुठे धावायचं? पुळण मऊ म्हणून सगळ्यांना आधी समुद्रकिनारा सुचतो. कोरड्या पुळणीत टाच रुतते आणि सगळा ताण पोटरीवर येतो, तेव्हा ती नकोच. ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू चालते, भाट्याच्या किनाऱ्यावर ती लांबवर सरळ मिळते. पण किनारा पाण्याकडे कलता असतो. एकाच दिशेने धावलं तर एक पाय सतत खाली पडतो, म्हणून दर पाच मिनिटांनी उलटं वळा आणि बूट घालूनच धावा. वेळ तिथीवरून काढता येते. तिथीला पाऊण पट केलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते आणि तिच्याआधी-नंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी वाळू मोकळी, आणि अष्टमीला सकाळी पाणी सुरूच्या बनाकडे आलेलं. त्या दिवशी पुलावरचा सपाट रस्ता बरा.

शिमगा बहुतेक वर्षी मॅरेथॉननंतर दीड-दोन महिन्यांनी येतो. पालखी खांद्यावर घेऊन गुडघ्यात वाकून नाचवणं हा मांडीला धावण्याइतकाच मार आहे. तोवर वर सांगितलेले टप्पे एकेक करत पार केले असतील तर खुशाल नाचवा. पोटरीच्या वर्षी मी नुसता ढोलाशेजारी उभा होतो.

राहिलं ते नख. अंगठ्याचं नख काळं पडलं असेल आणि ठणकत नसेल तर त्याला हात लावू नका. खाली नवं येऊ लागलं की जुनं आपोआप सुटतं. ठणका लागला तर डॉक्टरांकडून आतलं रक्त काढून घ्या, गरम टाचणीचे प्रयोग घरी नकोत. पुरं नवं नख यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. माझं पुढच्या जानेवारीत सीएसएमटीला उभा राहिलो तेव्हा दोन तृतीयांश आलं होतं.